फाटलेल्या कोपऱ्यातील साल

मी शाळेत भूगोल शिकवते. पुणे जिल्ह्यातील एका ओढ्याने गेल्या अडीचशे वर्षांत आपला मार्ग कसकसा बदलला, याचा मी काही वर्षांपासून अभ्यास करत आहे. त्या निमित्ताने गावोगाव हिंडत असताना एका घरातील आजोबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बाई, यात ओढ्याचं काहीतरी आहे असं आमचे वडील सांगायचे, पण वाचणारं कुणी उरलं नाही." पेटीत मोडी कागदांची दोन-तीन पुडकी होती. त्यांतील सर्वांत लांब कागद म्हणजे त्यांचे गाव आणि शेजारचे गाव यांच्यातील शिवेच्या तंट्याचा महजर होता. दोन्ही गावांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही, कारण शिवेचा विषय तेथे आजही नाजूक आहे आणि माझ्या अभ्यासापायी जुनी भांडणे उकरली जाऊ नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

महजर म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे मोकदम, शेटे-महाजन, बलुतेदार अशी मंडळी जमत, साक्षी-पुरावे ऐकत आणि जे ठरेल ते सर्वांच्या साक्षीने लिहून काढत. आजोबांकडचा कागद म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले चार-पाच अरुंद बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या, होत्या. मधून कुणी एखादा बंद बदलू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर मागच्या बाजूने लहानसा शिक्का उमटवलेला होता. कागद तिरका धरला की अक्षरांवर बारीक कण चमकत. शाई सुकावी म्हणून त्या वेळच्या लेखकाने भुरभुरलेली ती वाळू अजून तशीच चिकटून राहिली होती. सर्वांत खाली, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या निशाण्या होत्या. गावच्या पाटलाच्या नावापुढे चार रेघांत काढलेला नांगर होता आणि त्याची एक रेघ किंचित थरथरलेली होती. कागदातला मजकूर नीट कळण्याआधी मला तो नांगर दिसला आणि मग हा कागद पुरता समजून घेतल्याशिवाय सोडायचा नाही, असे मी ठरवले.

मजकुरात शीव कशी जाते ते सविस्तर सांगितले होते: ओढा कोठे वळतो, वळणावर वड कोणत्या बाजूस आहे, तेथून धोंडा किती अंतरावर आहे. माझ्या अभ्यासासाठी याहून चांगला पुरावा मिळणे कठीण होते. मात्र हे वर्णन कोणत्या वर्षाचे आहे हे कळत नव्हते. कागदाचा वरचा डावा कोपरा फाटून गेला होता आणि फाट आणखी वाढू नये म्हणून घरातल्या कुणीतरी, अर्थातच चांगल्या हेतूने, तेथे पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. पट्टी पिवळीजर्द पडली होती आणि तिचा चिकट पदार्थ कागदात मुरून तपकिरी डाग उमटला होता. तारखेचा उरलेला भाग एवढाच वाचता येत होता: "…सबैन मया व अलफ, छ १२ जिल्काद". सबैनच्या आधीचा शब्द कोपऱ्याबरोबर गेला होता.

ही कालगणना ज्यांच्या परिचयाची नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. मराठी कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिण्याचा प्रघात होता आणि त्यात एकक आधी, मग दशक, मग शतक व सहस्र असा क्रम असे. अलफ म्हणजे हजार, मया म्हणजे शंभर, सबैन म्हणजे सत्तर. त्याआधी इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा यांपैकी एक शब्द असणार, म्हणजे १ ते ९ पैकी एक आकडा. 'छ' म्हणजे चंद्र. त्यापुढे हिजरी महिन्यातील दिवस येतो. थोडक्यात, माझा महजर शुहूर ११७१ ते ११७९ यांच्या दरम्यान कधीतरी लिहिला गेला होता, म्हणजे साधारणपणे इसवी सन १७७० ते १७७९ यांच्या दरम्यान. याच दशकात पुण्यात पेशवे बदलले, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचा कारभार आला, इंग्रजांशी युद्ध झाले. एवढ्या उलथापालथीच्या काळातला कागद नेमका कोणत्या वर्षाचा, हे कळल्यावाचून माझे काम पुढे सरकणार नव्हते.

म्हणून मी पुण्याच्या पुरालेखागारात गेले. जुन्या पिढीतील लोक त्याला अजूनही पेशवे दप्तर म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनला आणि त्याच्या पुढच्या अधिकाऱ्यांना या कागदांत रस होता तो इतिहासापेक्षा महसुलासाठी: कोणत्या जमिनीवर किती सारा, कुणाला कशाबद्दल इनाम. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले. इनामांचे दावे तपासण्यासाठी त्याने देशमुख-देशपांड्यांच्या घरांतील दप्तरेही गोळा केली आणि तीही या साठ्यात येऊन पडली. वसुलीच्या आणि चौकशीच्या गरजेपोटी हे कागद राखले गेले, ही गोष्ट मला सुरुवातीला खटकत होती. परंतु पुढे माझा शोध लागला तो याच गोष्टीमुळे. कागद राखले गेले तरी अभ्यासकांना त्यांचे दार दीर्घकाळ सहजासहजी उघडत नव्हते. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली आणि यदुनाथ सरकारांच्या साहाय्याने १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रथमच या साठ्याचा मोठा भाग छापील बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, सर्वांपुढे आला. अर्थात हजारो रुमालांतील, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतील, कोट्यवधी कागदांपुढे ४५ खंड म्हणजे ओंजळभर पाणी, आणि माझ्या दोन गावांचा तंटा त्या ओंजळीत येण्याचे काही कारण नव्हते.

प्रवेशाची प्रक्रिया मला वाटली होती तितकी अवघड नव्हती. आपण कोण, अभ्यासाचा विषय काय आणि कोणत्या काळाचे व कोणत्या प्रकारचे कागद पाहायचे आहेत, हे लिहून अर्ज द्यायचा, ओळखपत्र जोडायचे आणि परवानगी मिळाली की सूची पाहून हव्या त्या रुमालाची मागणी चिठ्ठीवर नोंदवायची. शासकीय कागद कसे जपावेत आणि अभ्यासकांना कसे खुले करावेत यासाठी केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा २००५ चा अधिनियम आहे. केंद्राच्या कायद्यात ३० वर्षांहून जुने आणि गोपनीय न ठरवलेले अभिलेख अभ्यासकांना पाहू देण्याची तरतूद आहे. अर्ज लिहिताना मला या कायद्यांचे महत्त्व फारसे जाणवले नव्हते. नंतर वाचनकक्षात शेजारच्या टेबलावर एक शेतकरी कुटुंब आपल्या पणजोबांची नोंद शोधताना पाहिले, तेव्हा ते जाणवले. त्या कुटुंबाजवळ कोणत्या विद्यापीठाचे शिफारसपत्र असणार? तरीही त्यांच्यासमोर रुमाल उघडला होता आणि त्यांना सूची वाचून दाखवायला एक कर्मचारी शेजारी बसला होता.

वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, शिसपेन्सिल वापरायची. रुमाल टेबलावर येतो तेव्हा तो खरोखरच रुमाल असतो: जाड्याभरड्या कापडाचा मोठा चौकोन, चारही टोके मध्ये आणून बांधलेली, वर क्रमांकाची चिठ्ठी. गाठ सोडली की आधी जुन्या कागदाचा आणि धुळीचा वास येतो, मग आतली पुडकी दिसतात. एका वेळी एकच पुडके बाहेर काढायचे, कागद ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने पालथे घालत जायचे आणि शेवटी सारा गठ्ठा उलटवून पूर्ववत करायचा. पहिल्या दिवशी मी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहू लागले तेव्हा तेथील ज्येष्ठ साहाय्यकांनी हळू आवाजात पण ठामपणे मला थांबवले. "बाई, या कागदाचा पत्ता म्हणजे त्याच्या वरचा आणि खालचा कागद," ते म्हणाले. या वाक्याचा पुरता अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

मोडीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण या साठ्याचे खरे कुलूप तेच आहे. मी मोडीचा अल्पमुदतीचा वर्ग केला होता आणि छापील पुस्तकातील धडे मला सहज वाचता येत होते. प्रत्यक्ष कागदापुढे मात्र पहिले चार दिवस मी तासाला जेमतेम पाच-सहा ओळी वाचत होते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढली जाते आणि अक्षरे तिला लटकवत, बोरू शक्य तितका न उचलता लिहिली जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि 'र' शेजारच्या अक्षरात असा मिसळून जातो की तो आहे हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. त्यात राजश्रीसाठी नुसते 'रा', मौजेसाठी 'मौ' असे संक्षेप. वाचण्याचा माझा वेग वाढला तो अक्षरे पाठ करून नव्हे, तर कारकुनी मजकुराची ठरीव वळणे अंगवळणी पडली तेव्हा. पुढे काय येणार हे कळू लागले की अक्षर आपोआप उलगडते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कचेऱ्यांत सर्रास वाचली जाणारी ही लिपी वाचणारी माणसे आज शोधावी लागतात, याचे मला फार वाईट वाटते. २०२३ मध्ये राज्यभर जुन्या नोंदी तपासण्याची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचकांचा तुटवडा सर्वांनाच जाणवला. तो तुटवडा त्याआधी कितीतरी वर्षे वाचनकक्षांत जाणवत होता.

आता शोधाकडे येते. मी गावांची नावे घेऊन सूचीत शिरले, आणि तीच माझी पहिली चूक ठरली. सूची गावांनुसार किंवा विषयांनुसार नव्हती. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके, चिटणिशी, जमाव अशा भागांत दप्तर विभागलेले होते, आणि हे भाग बहुतांशी पेशव्यांच्या फडाच्या, म्हणजे मध्यवर्ती कचेरीच्या, कारभारातून तयार झालेले होते. 'शिवेचे तंटे' असा कोणताही भाग त्यात नव्हता. मी अंदाजाने परगण्याचे रुमाल मागवत गेले. एकामागून एक नऊ रुमाल पाहिले. त्यांत पिकांची पाहणी होती, घोड्यांच्या चंदीचा हिशेब होता, एका घाटातील चौकीची दुरुस्ती होती, आणि वाचता वाचता प्रत्येक गोष्टीत गुंतून पडावे असेच सारे होते. पण माझ्या गावांचा उल्लेख फक्त वसुलीच्या रकमेपुरता आला.

दहाव्या दिवशी त्या ज्येष्ठ साहाय्यकांनी मला विचारले की तंट्यात जिंकले कोण. मी सांगितले की आजोबांचे गाव. ते म्हणाले, "मग तंटा शोधू नका, पैसा शोधा. जिंकणाऱ्याने हरकी भरली असेल आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. सरकारात पैसा आला म्हणजे तो जमेस धरलाच पाहिजे."

मराठा अमलातील न्यायपद्धतीत हरकी आणि गुन्हेगारी या दोन रकमा होत्या: निवाडा ज्याच्या बाजूने होई त्याने आनंदादाखल सरकारात द्यायची ती हरकी, आणि खोटा ठरलेल्याने द्यायचा दंड ती गुन्हेगारी. हे मी पुस्तकात वाचले होते, पण ते मला शोधाचे साधन वाटले नव्हते. कागद कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला हे विचारण्याऐवजी मी त्यात काय असावे एवढाच विचार करत होते. फडावरच्या कारकुनाला ओढ्याच्या वळणाशी काही कर्तव्य नव्हते. त्याला जमा-खर्चाचा मेळ घालायचा होता, आणि त्याने तो इमानाने घातला होता.

मग मी परगण्याच्या हिशेबांतील जमेची बाजू नऊही वर्षांसाठी ओळीने वाचायला घेतली. हे काम कंटाळवाणे होते असे मी म्हणणार नाही. हरकी आणि गुन्हेगारीच्या प्रत्येक नोंदीत एकेक भांडण दडलेले होते: पाटीलकीची वाटणी, विहिरीच्या पाण्याची पाळी, जत्रेतील मानपान, कुणा विधवेने दिरांविरुद्ध दाद मागून मिळवलेले शेत. नोंद एका ओळीची, पण तिच्यामागे बसलेली माणसे दिसत. पुढे उपयोगी पडतील म्हणून मी या नोंदी एका वहीत उतरवून घेत गेले. सातव्या दिवशी दुपारी, एका पुडक्याच्या मध्यावर, माझ्या दोन्ही गावांची नावे एकाच ओळीत आली: शिवेच्या कजियाबद्दल हरकी दीडशे रुपये, आणि लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्या गावाकडून गुन्हेगारी. पुडक्याच्या शिरावर साल होते, सलास सबैन मया व अलफ. म्हणजे ११७३.

साल कळल्यावर त्याच परगण्याचे त्या सालातले सुटे कागद मागवले आणि तिसऱ्या रुमालात मूळ महजराची नक्कल मिळाली. आजोबांच्या कागदाशी ती शब्दशः जुळत होती. वड, धोंडा, ओढ्याचे वळण, सारे तेच. खाली नांगराची निशाणी मात्र नव्हती. तेथे नक्कल करणाऱ्याने "निशाणी नांगर" एवढे शब्द लिहिले होते. मूळ कागद जिंकलेल्या गावाच्या हाती आणि नक्कल सरकारी दप्तरी, अशी ती रीत होती. आजोबांच्या घरात जे फाटून गेले ते येथे शाबूत होते, आणि येथे जे नाही, तो थरथरलेला नांगर, तो त्यांच्या पेटीत होता. साक्षीदारांच्या यादीत दोन्ही गावांच्या महारांच्या जबान्या सर्वांत तपशीलवार होत्या, कारण शीव पायाखालची असे ती त्यांच्या. ज्या माणसांचा तवारिखांत आणि बखरींत नावानिशी उल्लेख सहसा येत नाही, त्यांचे शब्द, त्यांचे वय, त्यांनी किती पिढ्या शीव चालली याचे उत्तर, हे सर्व त्या नकलेत जसेच्या तसे होते. माझा विषय ओढ्याचा, तरीही त्या संध्याकाळी मी ओढ्याविषयी एक ओळही टिपली नाही. त्या जबान्याच पुन्हा पुन्हा वाचत बसले.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. ती मी लिहून ठेवते, कारण नवख्या अभ्यासकाच्या हातून ती हमखास होते. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, हे मी पाठ केले होते. ११७३ अधिक ५९९, म्हणजे १७७२. मी वहीत १७७२ लिहिले आणि पुढे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतील निवाडा असेही लिहिले. घरी आल्यावर जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखांचा मेळ देणारे पुस्तक, उघडली तेव्हा गाडी अडली. शुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, पण जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. त्या सालचा जिल्काद महिना जानेवारीच्या अखेरीस लागला होता. म्हणजे महजर १७७३ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीचा. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले होते. महजर झाला तेव्हा गादीवर नारायणराव होते आणि त्यांचाही त्याच वर्षी ३० ऑगस्टला खून व्हायचा होता. एका आकड्याच्या चुकीने मी एका पेशव्याचा कारभार दुसऱ्याच्या नावावर घातला असता. आणखी एक गोष्ट या तारखेने मला दाखवली: माधवरावांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, शनिवारवाड्यात घरभेदाला सुरुवात झाली होती, आणि तरीही एका परगण्यातील दोन गावांची शीव पायी चालून, साक्षी नोंदवून, हरकी जमेस धरून रीतसर ठरवली जात होती.

दुसरी चूक अधिक साधी होती आणि तिने माझे दोन दिवस घेतले. परवानगी घेऊन मी नकलेची छायाचित्रे काढली, पण पहिल्या छायाचित्रात रुमालाची चिठ्ठी आणि पुडक्याचा क्रमांक घेतला नाही. काही पानांचा क्रम नंतर लागेना आणि ती पाने कोणत्या पुडक्यातली हे मला सांगता येईना. पुन्हा अर्ज, पुन्हा रुमाल, पुन्हा तेच कागद. "कागदाचा पत्ता म्हणजे त्याच्या वरचा आणि खालचा कागद" हे वाक्य तेव्हा मला पुरते कळले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने बांधलेला क्रम कुणीतरी इमारती बदलताना, रुमाल बदलताना, कारकिर्दी बदलताना मोडू दिला नाही, म्हणूनच वसुलीच्या नोंदीवरून मला निवाड्यापर्यंत जाता आले. एखाद्या उत्साही माणसाने 'महत्त्वाचे' कागद वेगळे काढून विषयवार लावले असते, तर माझा महजर क्षुल्लक ठरून कोठेतरी तळाशी गेला असता आणि हरकीची ती ओळ त्याच्यापासून कायमची तुटली असती.

आजोबांच्या कागदाचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. त्यांच्या संमतीने मी तो एका संस्थेच्या संवर्धन विभागात नेला. तेथे काम करणाऱ्या बाईंनी आधी मऊ कुंचल्याने एकाच दिशेने धूळ काढली, मग एका टोकाच्या अक्षरावर शुद्ध पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवून टिपकागदाने टिपला आणि शाई पसरते का ते पाहिले. शाई काजळाची होती. त्या म्हणाल्या की काजळाची शाई कागद खात नाही आणि उजेडाने फिकी पडत नाही. लोहयुक्त शाईने लिहिलेले नंतरचे कागद मात्र अक्षरांच्या रेघांवरच जळाल्यासारखे फाटतात. शिवाय हा हातकागद होता, चिंध्यांच्या लगद्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आला, त्यात आम्ल असते, आणि म्हणून शंभर वर्षांचा सरकारी छापील कागद हातात घेताच तुटतो, तर अडीचशे वर्षांचा महजर घडी घातली तरी तग धरतो. या कागदाचे सर्वांत मोठे नुकसान काळाने किंवा कसरीनेही केले नव्हते. ते त्या चार बोटे चिकटपट्टीने केले होते. पट्टीचा पापुद्रा थोडी ऊब देऊन सुटला. खाली मुरलेला चिकटा द्रावकाने थोडाथोडा काढावा लागला आणि त्याला तीन बैठका लागल्या. डाग पूर्ण गेला नाही. फाटलेल्या कडेला मागून पातळ जपानी कागद, पाण्याने केव्हाही सुटेल अशा खळीने लावला. ही खळ सुटणारी का हवी, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले की आज आपल्याला जे उत्तम वाटते ते पन्नास वर्षांनी चूक ठरू शकते, तेव्हा पुढच्या माणसाला आपले काम उसवता आले पाहिजे. पूर्वी कागदांना मागेपुढे रेशमी जाळी किंवा पारदर्शक पडदा लावत. त्यांतील काही आता पिवळे पडले आहेत आणि ते काढणे हेच मोठे काम होऊन बसले आहे, हेही त्यांनी दाखवले.

पट्टीखाली एखादे अक्षर सापडेल अशी मला आशा होती. तेथे काही नव्हते. 'सलास' हा शब्द त्या कागदावरून कायमचा गेला आहे आणि तो आता फक्त पुण्याच्या रुमालात आहे.

कागदांचे स्कॅनिंग सुरू आहे, राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर आपल्या सूची आणि कागद ठेवले आहेत, आणि घरबसल्या शोध घेता येणे ही फार मोठी सोय आहे. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला रजा न घालवता अभ्यास करता येईल, तो यामुळेच. पण माझ्या अनुभवावरून मला एक गोष्ट आग्रहाने सांगाविशी वाटते. मोडी कागदाचे नुसते चित्र पडद्यावर आले म्हणजे तो कागद खुला झाला, असे होत नाही. त्याच्याबरोबर रुमालाचा क्रमांक, पुडके, मागचा-पुढचा कागद, साल आणि निदान दोन ओळींचा बाळबोध सारांश हवा, आणि तो लिहायला मोडी वाचणारी माणसे पगारावर हवीत. ज्येष्ठ साहाय्यकांनी मला "पैसा शोधा" असे सांगितले, ते कोणत्याही सूचीत लिहिलेले नव्हते. ते लवकरच निवृत्त होणार आहेत.

महजराचे लिप्यंतर पूर्ण झाल्यावर मी त्याच्या दोन प्रती केल्या आणि प्रत्येक प्रतीवर रुमालाचा व पुडक्याचा क्रमांक ठळक लिहिला. एक प्रत आजोबांना दिली. मूळ कागद आता आम्लरहित पाकिटात आहे आणि पेटीत सर्वांत वर ठेवलेला आहे. घडी न घालता मावावा म्हणून आजोबांनी पेटीच बदलली. मी त्यांना जबान्या वाचून दाखवत असताना त्यांनी मधेच थांबवून विचारले की शेजारच्या गावालाही हे वाचायला मिळेल का. मी म्हटले, पुण्यात अर्ज केला तर कुणालाही मिळेल. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग दुसरी प्रत तुम्हीच त्यांना नेऊन द्या. त्यांच्या माणसांच्या पण जबान्या आहेत ना त्यात."

ती प्रत मी नेऊन दिली. आणि परगण्यातील नऊ वर्षांच्या हरकी-गुन्हेगारीच्या नोंदींची ती वही होती ना, तिच्यातील प्रत्येक नोंदीपुढे गावाचे नाव, साल, रुमाल आणि पुडके घालून स्वच्छ यादी केली व वाचनकक्षात दिली. यादीत बेचाळीस गावे आहेत.